तालुक्याच्या गावी राहून व्यवसाय-सॉफ्टवेअरचा सल्लागार कसे व्हावे

विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी बाजार समितीच्या रस्त्याने एक फेरी मारली, तर जिनिंग (कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणारे कारखाने), दालमिल, कृषी केंद्र, अडतीची दुकाने आणि लोखंड-सिमेंटची गोदामे ओळीने दिसतात. यांपैकी बहुतेक ठिकाणी आज संगणक आहे आणि त्यावर टॅलीसारखे एखादे हिशेबाचे सॉफ्टवेअरही आहे. तरीही आज किती माल आला आणि किती चुकारे बाकी राहिले, हे मालकाला संध्याकाळी पाहायचे असेल, तर तो दिवाणजींच्या वहीकडेच वळतो. संगणकातले आकडे जीएसटीचे विवरणपत्र भरण्यापुरते आणि वहीतले आकडे धंदा चालवण्यापुरते, अशी विभागणी वर्षानुवर्षे चालत आलेली आहे. ती मोडून एकाच नोंदीवर दोन्ही कामे चालवून देणे, हे व्यवसाय-सॉफ्टवेअरच्या सल्लागाराचे काम आहे. गेली बारा वर्षे मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहून हे काम करतो आहे, आणि पुणे-हैदराबादला न जाताही यात स्थिर व मानाचे करिअर उभे राहते, हे अनुभवाने सांगू शकतो.

सॉफ्टवेअर विकणारा विक्रेता वेगळा, प्रोग्राम लिहिणारा वेगळा आणि कायदा सांगणारा करसल्लागार वेगळा. सल्लागार या तिघांच्या मधल्या जागेत उभा असतो. वजनकाट्यावर माणसाने लिहिलेला पहिला आकडा ताळेबंदापर्यंत कोणत्या वाटेने जातो, वाटेत तो किती वेळा पुन्हा लिहिला जातो आणि कुठे बदलतो, याचा माग काढणे हे त्याचे खरे कौशल्य असते. पुढे जे काही सांगणार आहे, ते सगळे या एका कौशल्याभोवतीच फिरते.

आधी हिशेब, मग संगणक

अनेक मुले बीसीए, एमसीए किंवा अभियांत्रिकी करून या कामात येऊ पाहतात आणि हिशेब मात्र नंतर शिकू असे म्हणतात. माझे स्पष्ट मत आहे की हा क्रम उलटा आहे. नावे-जमा न समजणाऱ्या सल्लागाराला मालक पहिल्या बैठकीतच ओळखतो. किर्द (रोजच्या नोंदी), खतावणी (खात्यांची वही), तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाक्यांची यादी) आणि ताळेबंद हे कागदावर, पेनाने, निदान एका छोट्या दुकानाचे पूर्ण वर्षभराचे लिहून पाहावे. त्यासाठी तालुक्यातल्या एखाद्या करसल्लागाराच्या किंवा सनदी लेखापालाच्या कार्यालयात दीड-दोन वर्षे काम करण्यासारखा दुसरा मार्ग नाही. पगार कमी मिळेल, पण तीस-चाळीस धंद्यांची कागदपत्रे हाताखालून जातील आणि कोणत्या धंद्यात कोणती चूक दरवर्षी होते, हे आपोआप कळू लागेल.

कराचे ज्ञानही इथेच पक्के होते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा आमच्या भागातल्या जिनिंगवाल्यांना सर्वांत जास्त गोंधळात टाकले ते उलट आकारणीने. नेहमी विकणारा कर भरतो, पण शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला नोव्हेंबर २०१७ पासून तो कर स्वतः भरावा लागतो आणि नंतर त्याची वजावट घेता येते. म्हणजे खरेदीची एक नोंद केली की तिच्यातून कराच्या देण्याची एक आणि वजावटीची एक अशा आणखी दोन नोंदी जन्माला यायला हव्यात. हे ज्याला समजले, त्याला सॉफ्टवेअरमध्ये कोणता पर्याय निवडायचा ते दहा मिनिटांत सापडते. ज्याला हे समजले नाही, त्याला कितीही प्रोग्रामिंग येत असले तरी त्याची खरेदी चुकीच्या रकान्यात जाते आणि ते मार्चमध्ये उघडकीस येते.

एक धंदा निवडा आणि त्याच्या तळाशी जा

सुरुवातीला येईल ते काम घ्यावेसे वाटते. पोटाचा प्रश्न असल्यामुळे ते समजण्यासारखे आहे, पण पहिल्या तीन वर्षांत एका धंद्याची संपूर्ण माहिती मिळवलीच पाहिजे. कोणता धंदा, हे आपला जिल्हा ठरवतो. वर्धा, यवतमाळ आणि अमरावतीकडे कापूस, अकोल्याकडे दालमिल, गोंदिया-भंडाऱ्याकडे राइस मिल आणि वरुड-मोर्शीकडे संत्रा, अशी विभागणी साऱ्यांना ठाऊक आहे. कृषी केंद्रे मात्र सगळीकडे आहेत.

कापसाचेच उदाहरण सविस्तर घेतो, कारण त्यातून धंद्याच्या तळाशी जाणे म्हणजे काय ते कळेल. जिनिंगमध्ये शंभर क्विंटल कापूस आला आणि उतारा ३४ टक्के पडला, तर ३४ क्विंटल रुई निघते. १७० किलोची एक गाठ धरली तर तिच्या बरोबर २० गाठी होतात. उरलेल्या मालात बहुतांश सरकी असते आणि थोडी घट जाते. आता यातली अडचण पाहा. कापूस क्विंटलवर घेतला जातो, रुईचा साठा गाठींवर मोजला जातो आणि रुईचा सौदा खंडीवर, म्हणजे ३५६ किलोवर होतो. शंभर गाठी विकल्या तर १७,००० किलो रुई झाली, म्हणजे सुमारे ४७.७५ खंडी. एकाच मालाची तीन मापे आणि सरकीचे पुन्हा वेगळे क्विंटल. ज्या सॉफ्टवेअरमध्ये मापांची ही साखळी नीट बांधलेली नसते, तिथे साठा कधीच जुळत नाही आणि मग दिवाणजी महिन्याच्या शेवटी फरकाची एक नोंद घालून आकडे सारखे करतात. अशा नोंदींच्या पोटात खरी चोरी, खरी घट आणि साधी टंकनाची चूक ही तिन्ही एकत्र दडलेली असतात.

त्यात ओलाव्याचा भाग वेगळाच. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या पुढे गेला की भावात कपात होते आणि १२ टक्क्यांच्या पुढे कापूस घेतलाच जात नाही. खाजगी खरेदीत मात्र कटती ही बरीचशी नजरेवर ठरते. ती वजनातून कापायची की भावातून, हे प्रत्येक जिनिंगमध्ये वेगळे असते आणि सॉफ्टवेअर बसवण्याआधी ते विचारलेच पाहिजे, कारण वजनातून कापल्यास साठ्यात फरक पडतो आणि भावातून कापल्यास पडत नाही.

इतर धंद्यांच्याही अशाच खुणा असतात. सरकारी धानाच्या भरडाईत एक क्विंटल धानामागे ६७ किलो कच्चा तांदूळ जमा करावा लागतो, त्यामुळे राइस मिलच्या हिशेबात हा उतारा आणि बारदान्याचा साठा या दोन गोष्टी मुख्य असतात. दालमिलमध्ये तुरीपासून डाळ, चुरी आणि भुसा असा तीन ठिकाणी माल वाटला जातो. कृषी केंद्रात खोक्याने खरेदी आणि बाटलीने विक्री होते, बियाण्याचा लॉट क्रमांक आणि औषधाची अंतिम तारीख सांभाळावी लागते, खताची विक्री पॉस यंत्रावर वेगळी नोंदवावी लागते आणि जूनमधली उधारी दिवाळीनंतर माल विकला गेल्यावर वसूल होते. हे ज्याला पाठ आहे, त्याला नवीन कृषी केंद्राच्या मालकापुढे स्वतःची फार ओळख करून द्यावी लागत नाही.

काट्याजवळ बसणे

माझ्या पहिल्या मोठ्या कामात मी जी चूक केली, ती इथे पूर्ण सांगतो. एका जिनिंगसाठी मी उन्हाळाभर बसून आवक नोंदीचा सुंदर पडदा तयार केला होता. त्यात शेतकऱ्याचे नाव, वडिलांचे नाव, गाव, मोबाइल, आधारचे शेवटचे चार आकडे, बँकेचे खाते, गाडीचा क्रमांक, कापसाची प्रत, ओलावा, भरती वजन आणि खाली वजन असे अकरा रकाने होते, आणि सगळे रकाने भरल्याशिवाय पावती निघत नव्हती. मला वाटले की माहिती एकदाच पूर्ण घेतली म्हणजे पुढे त्रास नाही.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी ते सुरू केले. सकाळी नऊ वाजता काट्यापुढे मेटाडोर आणि ट्रॅक्टरची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली होती. पहिल्या शेतकऱ्याला बँकेचा खाते क्रमांक पाठ नव्हता. तो घरी फोन लावत बसला. दुसऱ्याचा कापूस शेजाऱ्याच्या गाडीत होता आणि गाडीत दोघांचा माल होता. मागचे लोक हॉर्न वाजवू लागले. अकरा वाजता काट्यावरचे दिवाणजी खुर्ची मागे सरकवून शांतपणे म्हणाले, "भाऊ, लोकं पहाटपासून नंबर लावून बसले आहेत. तुमचं मशीन जरा बाजूले ठेवा, संध्याकाळी पाहू." आणि त्यांनी खणातून कार्बन लावलेले पावतीपुस्तक काढले. तीन तासांची रांग त्यांनी पाऊण तासात मोकळी केली. त्या संध्याकाळी ते सॉफ्टवेअर पाहायला कोणालाच वेळ नव्हता, आणि पुढे पूर्ण हंगाम ते बंदच राहिले.

नंतरच्या उन्हाळ्यात मी ते पावतीपुस्तकच समोर घेऊन बसलो. त्यावर पाचच गोष्टी होत्या: क्रमांक, गाडी, गाव, भरती वजन आणि खाली वजन. बाकीची माहिती शेतकरी चुकाऱ्यासाठी ऑफिसात येतो तेव्हा घेतली जात होती, कारण तिथे तो निवांत बसलेला असतो आणि पासबुक त्याच्या खिशात असते. म्हणजे कागदाने ही वाटणी कधीच करून ठेवली होती, मला फक्त ती वाचता आली नव्हती. नवीन मांडणीत काट्यावर तेवढेच पाच रकाने ठेवले. वजन तर हाताने लिहायचेच नाही असे केले: काट्याच्या इंडिकेटरला, म्हणजे वजन दाखवणाऱ्या डबीला, मागे सिरियल पोर्ट असतो, त्यातून केबलने आकडा थेट संगणकात घेता येतो. केबल आणि इंडिकेटरचा वेग जुळवणे एवढेच त्यातले तांत्रिक काम. दुसऱ्या हंगामात तेच दिवाणजी नव्या पोऱ्याला यंत्र शिकवत होते.

म्हणून कोणत्याही कामाची सुरुवात अशी करावी. मालकाशी बोलणे झाल्यावर निदान तीन दिवस, आणि शक्य असल्यास हंगामातले तीन दिवस, काहीही न सुचवता नोंद जिथे जन्मते तिथे बसावे. "तुम्ही काम कसे करता?" असे विचारू नये, कारण लोक काम कसे व्हायला हवे ते सांगतात. "कालची एखादी गाडी दाखवा, तिचे सगळे कागद काढा," असे म्हणावे. एका गाडीची काटापट्टी, कच्ची चिठ्ठी, हमाली-तोलाईची नोंद, चुकाऱ्याची पट्टी, बँकेतून गेलेली रक्कम आणि खात्यातली ओळ असे सगळे कागद टेबलावर क्रमाने मांडावेत. प्रत्येक कागदावर कोणी लिहिले, कशावरून लिहिले आणि लिहिल्यावर तो कोणाकडे जातो, या तीन गोष्टी पेन्सिलीने टिपाव्यात. जो आकडा दोन कागदांवर दोनदा लिहिला जातो, तिथे सॉफ्टवेअरचा उपयोग आहे. जो कागद कोणीच परत उघडत नाही, तो बंद करता येतो का ते विचारावे. आणि एखादा कागद विनाकारण वाटला तरी तो का निर्माण झाला ते कळेपर्यंत त्याला हात लावू नये. बहुतेक वेळा त्याच्यामागे पूर्वी घडलेला एखादा वाद असतो.

सॉफ्टवेअर कोणते घ्यावे

मालकाच्या मनात हा प्रश्न पहिला असतो. सल्लागाराने त्याचे उत्तर सर्वांत शेवटी द्यावे. आमच्या भागात निम्म्याहून अधिक वेळा माझे उत्तर असे असते की तुमच्याकडे जे टॅली आहे तेच नीट वापरा, त्यातले साठ्याचे भाग सुरू करा, आणि वर्षभरानंतर पाहू. यात आपले लगेचचे उत्पन्न कमी होते हे खरे, पण ज्याला नको ते विकले नाही, तो मालक पुढची पंधरा वर्षे आपल्याकडेच येतो.

जिथे दोन-तीन ठिकाणी गोदामे आहेत, उत्पादनाची साखळी आहे आणि चार माणसांना एकाच वेळी नोंदी करायच्या आहेत, तिथे ईआरपीचा, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकाच ठिकाणी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, विचार करावा. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीचे ईआरपीनेक्स्ट आणि बेल्जियममध्ये जन्मलेले ओडू ही दोन नावे शिकणाऱ्याने जवळ ठेवावीत. ईआरपीनेक्स्ट मुक्त स्रोत असल्यामुळे ते घरच्या लॅपटॉपवर बसवून, खोटी कंपनी तयार करून, खरेदीपासून ताळेबंदापर्यंत फुकट सराव करता येतो. मात्र परवाना फुकट आहे म्हणून काम फुकट होते, असा समज मालकाच्या मनात राहू देऊ नये. सर्व्हर, बॅकअप, दुरुस्ती आणि आपला वेळ यांचा खर्च त्याला पहिल्या दिवशीच लिहून द्यावा.

परवाना आणि पासवर्ड नेहमी ग्राहकाच्या नावावर आणि त्याच्याच ईमेलवर असावेत. विक्रेत्याकडून आपल्याला दलाली मिळत असेल तर ती मालकाला सांगावी. या दोन नियमांवर मी कधी तडजोड केली नाही. दुसऱ्या एका सल्लागाराने परवाना स्वतःच्या नावावर ठेवून अडवून धरलेली दालमिल मी पाहिलेली आहे. पाच वर्षांचा हिशेब बाहेर काढायला त्या मालकाला अख्खा उन्हाळा लागला होता.

जुनी माहिती नव्या घरात नेणे

कामाचा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत जास्त कमी लेखला जाणारा भाग हा आहे. बुलढाणा-अकोल्याकडे एकेका गावात गजानन नावाचे पाच-सहा शेतकरी सहज निघतात. जुन्या यादीत कोणी "गजानन पाटील", कोणी "गजाननराव", कोणी "गजूभाऊ टेकडीवाले" असे लिहिलेले असते. यातले दोन एकच माणूस आहेत की वेगळे, हे संगणक सांगू शकत नाही, दिवाणजीच सांगू शकतात. म्हणून नावांची यादी छापून, त्यांच्याजवळ बसून, मोबाइल क्रमांकावरून एकेक नाव पक्के करावे. हजार नावांना दोन-तीन दिवस लागतात. ते दिवस दरपत्रकात धरलेले असावेत.

मराठी टंकनाचा प्रश्न तर ठरलेलाच आहे. जुन्या फाइली कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतात, आणि त्या युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी बिघडतात. रूपांतर करणारी साधने मिळतात, पण त्यानंतर डोळ्यांनी तपासणी केल्याशिवाय ती यादी वापरू नये. शेतकऱ्याच्या पट्टीवर त्याचेच नाव चुकले, तर बाकी सगळे बरोबर असूनही त्याचा विश्वास बसत नाही, आणि यात त्याचे काहीच चुकत नाही.

सुरुवातीचा शिल्लक साठा आणि उधारी या दोन गोष्टी मालकाची सही घेऊनच संगणकात घालाव्यात. नंतर वाद झाल्यास तो कागद दोघांनाही उपयोगी पडतो.

नवी व्यवस्था सुरू करण्याचा दिवस हंगाम पाहून ठरवावा. कापसाचे वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर धरले जाते, म्हणून जिनिंगचे काम ऑगस्टमध्ये पूर्ण करून सप्टेंबरमध्ये सराव घ्यावा आणि दसऱ्याला मुहूर्त करावा. कृषी केंद्राचे काम मे-जूनमध्ये कधीही सुरू करू नये, फेब्रुवारी-मार्चमध्ये तयारी करून १ एप्रिलला सुरू करावे. पहिला महिना वही आणि संगणक दोन्ही चालू ठेवावेत आणि रोज संध्याकाळी रोकड, आवक व बाकी चुकारे हे तीनच आकडे दोन्हीकडून ताडून पाहावेत. सलग पंधरा दिवस तिन्ही जुळले, की वही बंद करण्याचा प्रस्ताव मालकाने नव्हे, दिवाणजींनी मांडावा, अशी परिस्थिती आपण निर्माण करावी.

दिवाणजींविषयी थोडे अधिक लिहिणे गरजेचे आहे. तीस वर्षे वही सांभाळलेल्या माणसाला संगणक म्हणजे आपली जागा जाण्याची चाहूल वाटते. त्यांना काका म्हणून बाजूला बसवावे, माउस त्यांच्याच हातात द्यावा आणि त्यांनी चूक केली तर ती त्यांनीच दुरुस्त करेपर्यंत थांबावे. मी दोन पानांची मराठी सूचना मोठ्या अक्षरात छापून, प्लास्टिकमध्ये घालून कीबोर्डशेजारी चिकटवतो. तीत सॉफ्टवेअरचे शब्द नसतात. "चुकाऱ्याची पट्टी काढायची असल्यास", "काटापट्टी चुकली असल्यास" अशी त्यांचीच वाक्ये असतात.

मोबदला, करार आणि नकार

आमच्याकडे सल्ल्याचे पैसे मागणे अजूनही अवघड जाते, कारण वस्तू दिसत नाही. त्यामुळे पहिल्या तीन दिवसांच्या अभ्यासाचे वेगळे दर लावावेत आणि शेवटी मालकाच्या हातात छापील अहवाल द्यावा. त्यात कागदांचा नकाशा, दुबार कामांची यादी आणि सुचवलेला मार्ग असावा. पुढचे काम त्याने दुसऱ्याला दिले तरी त्या अहवालाचे पैसे त्याने आनंदाने दिलेले असतात. मुख्य कामाचा एक तृतीयांश मोबदला मी सुरुवातीला, एक तृतीयांश व्यवस्था सुरू झाल्यावर आणि उरलेला पहिला महिना जुळल्यावर घेतो. त्यानंतर वार्षिक देखभालीचा करार वेगळा होतो. खेड्यातल्या सल्लागाराचे घर खरे तर या देखभालीवर चालते, कारण नवीन काम हंगामी असते आणि देखभाल बारमाही असते.

करार मराठीत, दीड-दोन पानांचा असावा. कोणते काम करणार, कोणते करणार नाही, आणि नंतर सुचलेल्या बदलाला किती दिवस व किती पैसे लागतील, हे त्यात स्पष्ट लिहावे. एका दालमिलच्या कामात मी फोनवर आलेला प्रत्येक बदल "करून देतो भाऊ" म्हणत स्वीकारत गेलो आणि दोन महिन्यांच्या कामाला आठ महिने लागले. शेवटी मालकही नाराज झाला आणि माझेही नुकसान झाले. तेव्हापासून बदल फोनवर ऐकतो, व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवतो आणि होकार आल्यावरच हात लावतो.

उद्यम नोंदणी फुकट होते, ती पहिल्याच महिन्यात करून घ्यावी. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार अशा सेवा पुरवठादाराचे बिल लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागते. हे सौम्य शब्दांत बिलाखाली छापलेले असले, तरी वसुलीला मदत होते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणीही घ्यावी लागते, त्यामुळे मोठ्या कामाचे दर ठरवताना ती बाजू आधीच पाहून ठेवावी.

एक मागणी प्रत्येक सल्लागारापुढे केव्हा ना केव्हा येते. कच्च्याचे वेगळे पुस्तक आणि पक्क्याचे वेगळे, असे एकाच सॉफ्टवेअरमध्ये बसवून द्या, अशी ती मागणी असते. तिला पहिल्या बैठकीतच नम्रपणे आणि ठाम नकार द्यावा. कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून नोंदीतला प्रत्येक बदल जपून ठेवणारे, आणि ती सोय बंद न करता येणारे लेखा-सॉफ्टवेअर बंधनकारक झाले आहे. शेतकरी उत्पादक कंपन्या याही कंपन्याच आहेत, त्यामुळे त्यांचे काम घेताना ही गोष्ट संचालकांना सभेत समजावून सांगावी. नकार दिल्याने माझी दोन कामे गेली. त्यांबद्दल मला कधी वाईट वाटले नाही.

बॅकअप, वीज आणि अंतर

जूनमधल्या विजांनी एका रात्रीत संगणक, राउटर आणि काट्याचे इंडिकेटर जळण्याचे प्रकार आमच्याकडे दरवर्षी होतात. म्हणून अर्थिंग तपासणे आणि इन्व्हर्टर बसवून घेणे हेही सल्लागाराचेच काम समजावे. बॅकअप रोज दोन ठिकाणी घ्यावा: एक इंटरनेटवर आणि एक मालकाच्या घरी जाणाऱ्या डिस्कवर. पण बॅकअप घेतला जातो यावर समाधान मानू नये. दर तीन महिन्यांनी तो दुसऱ्या संगणकावर उघडून, कालच्या तारखेचा रोजमेळ काढून मालकाला दाखवावा. मी हे सुरू केले, तेव्हा पहिल्याच फेरीत एका ठिकाणी वर्षभर रिकामी फाइल जतन होत असल्याचे दिसले होते.

गावोगावचे नेटवर्क भरवशाचे नसल्यामुळे काट्यावरची नोंद इंटरनेटशिवाय चाललीच पाहिजे, आणि नेटवर्क आल्यावर ती इंटरनेटवर जावी. छोट्या अडचणी दूरस्थ जोडणीने सोडवता येतात. तरी प्रत्येक ग्राहकाकडे महिन्यातून एकदा प्रत्यक्ष जावे, कारण फोनवर न सांगितलेल्या तक्रारी चहाच्या वेळी कळतात.

पुढची पायरी

पाच-सात ग्राहक स्थिर झाले की पुढे दोन वाटा फुटतात. एक म्हणजे बुटीबोरीसारख्या औद्योगिक वसाहतींतले मोठे कारखाने किंवा एसएपीसारखी मोठी प्रणाली चालवणाऱ्या कंपन्या. तिथे साठा, खरेदी किंवा वित्त यांपैकी एकाच विभागाचा खोल अभ्यास लागतो, प्रमाणपत्रे उपयोगी पडतात आणि दोन-तीन वर्षे नागपूर-पुण्याला राहावे लागू शकते. ज्याने जिनिंगचा साठा तीन मापांत जुळवला आहे, त्याला तिथला साठ्याचा विभाग परका वाटत नाही. दुसरी वाट म्हणजे आपल्याच भागात राहून आपल्या निवडलेल्या धंद्याचे काम चार जिल्ह्यांत पसरवणे. या दोन्ही वाटांसाठी एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या नोंदींतून हवी ती माहिती काढण्याची भाषा, शिकावीच, कारण मालकाला हवा तो अहवाल तयार पडद्यावर क्वचितच असतो. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेची तोंडओळख असावी. इंग्रजी दस्तऐवज शब्दकोश घेऊन का होईना, पण पूर्ण वाचण्याची सवय लावावी. बोलता येणे त्यानंतर येते.

काम वाढले की हाताखाली माणूस लागतो. तो शक्यतो त्याच तालुक्यातला, वाणिज्य शाखेचा आणि वऱ्हाडी सहज बोलणारा घ्यावा. त्याच्याकडे पहिल्यांदा बॅकअप उघडून पाहण्याचे काम द्यावे, नंतर नावांची यादी पक्की करण्याचे आणि मग दिवाणजींना शिकवण्याचे. नवीन ग्राहकाकडचे पहिले तीन दिवस मात्र दोन हंगाम तरी आपणच काट्याजवळ बसावे आणि त्याला शेजारी बसवावे. तिसऱ्या हंगामात त्याने स्वतः कागद मांडावेत, पेन्सिल त्याच्या हातात असावी आणि आपण रांगेतल्या शेतकऱ्यांशी बोलत बसावे.